देवराई सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राई म्हणा, देवराई म्हणा, रहाटी म्हणा, फोनवर आणि शिमग्याच्या बैठकीत येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना कोकण, घाटमाथा आणि लगतचा गोवा डोळ्यांसमोर आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या भागातल्या राया वेगळ्या वागतात, तेव्हा तिकडच्या मंडळींनी रोपं आणि पाण्याबद्दलची उत्तरं आपल्या रानाशी ताडून पाहावीत.

1. आमच्या देवळाभोवती पाच-सहा जुनी झाडं आहेत. त्यांना देवराई म्हणायचं का?

देवाच्या नावाने राखलेलं, कुऱ्हाडबंदी पाळलेलं रान ती देवराई. पारावरचा वड किंवा पिंपळ पूज्य खरा, पण एकट्या झाडाची राई होत नाही. राईत थर असतात. वर बेहडा, सातवीण, जांभूळ यांचे माथे, त्यांच्या सावलीत वाढणारी अंजनीसारखी झाडं, सगळ्यांना गुंडाळून वर गेलेल्या वेली आणि पायाखाली पाल्याची गादी. देऊळ असलंच पाहिजे असं नाही. कित्येक ठिकाणी शेंदूर लावलेला पाषाण, दोन-चार वीरगळ किंवा सातेरी देवीचं म्हणून पूजलं जाणारं वारूळ एवढंच असतं. खरं सांगायचं तर अशाच राया जास्त शाबूत राहिल्या आहेत, कारण तिथे बांधायला काही नव्हतं (प्रश्न 6 पाहा).

महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवरायांची नोंद झालेली आहे. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हा कुठे या रानांकडे अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं. गावांना ती आधीपासून ठाऊक होतीच.

2. आमची राई जेमतेम वीस गुंठ्यांची आहे. एवढ्याशा तुकड्याला जपून काय मिळणार?

बहुतेक राया लहानच आहेत. वीस गुंठ्यांत वाघ राहणार नाही हे मान्य. पण भोवतालचं रान दोन-तीनदा तोडून झालेलं असतं, आणि या वीस गुंठ्यांत आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली झाडं उभी असतात. जुन्या झाडाला ढोली असते, नव्याला नसते. धनेश पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला मोठ्या बुंध्यातली आयती पोकळी लागते. मादी त्यात स्वतःला लिंपून घेते, एक चीर तेवढी उघडी ठेवते आणि नर महिनोन् महिने त्या चिरेतून तिला आणि पिल्लांना उंबर-वडाची फळं भरवतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात धनेशाची घरटी देवरायांतल्या बेहडा-सातविणीसारख्या झाडांवर मिळतात ती यामुळेच. धनेश चरायला लांबवर जातो, पण परत येतो तुमच्या वीस गुंठ्यांत.

दुसरं म्हणजे बी. आजूबाजूचं माळरान कधीतरी पुन्हा रान व्हायचं असेल, तर त्याला लागणारं बी इथूनच पक्ष्यांच्या पोटातून जाणार आहे.

3. राईतला पालापाचोळा झाडून, पडलेली लाकडं उचलून स्वच्छता केली तर काय बिघडतं? देवाची जागा नीटनेटकी नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मोहीम काढणाऱ्यांचा हेतू चांगला असल्यामुळे उत्तर देणंही अवघड जातं. प्लास्टिक, बाटल्या, फोटोफ्रेमा, जुने हार, नारळाच्या पिशव्या हे सगळं जरूर उचला. पाला उचलू नका.

मे महिन्यात राईत एका जागी बसून वरचा सुका पाला हाताने बाजूला करून पाहा. खाली अर्धवट कुजलेली पानं, त्यांना शिवणारे पांढरे बुरशीचे धागे, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि त्या मातीत शिरलेली झाडांची केसासारखी बारीक मुळं. झाड अन्न घेतं ते बरंचसं या वरच्या थरातून. पाला झाडला की ही मुळं उघडी पडतात, पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि पाच-सात वर्षांत झाडांचे शेंडे वाळायला लागतात. तेव्हा कोणाला झाडू आठवत नाही, ‘कीड लागली’ म्हणतात.

शिवाय जांभळासारख्या झाडांचं बी साठवून राहत नाही. पडलं की काही आठवड्यांत रुजायचं, नाहीतर मरायचं. जूनच्या मोहिमेत खराट्याखाली जातं ते हेच. उद्याची राई आपण गोळा करून तिची होळी करतो.

पडलेल्या ओंडक्याचंही तसंच आहे. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या, त्यांच्यामागे सुतार पक्षी, खाली देवगांडुळं, बेडूक, गोगलगायी. भीमाशंकरकडच्या रानात पावसाळी रात्री चमकणारी बुरशी दिसते, तीसुद्धा कुजत्या लाकडावरच. वाट अडली असेल तर तेवढा तुकडा कापून बाजूला सरकवा, राईबाहेर नेऊ नका. ‘लाकूड विकून देवाच्या पेटीत पैसे टाकू’ हा विचार आला तर प्रश्न 9 वाचा.

देवळाचं अंगण आणि येण्याजाण्याची पाऊलवाट रोज झाडली तरी हरकत नाही. गुरव पिढ्यान् पिढ्या तेवढंच झाडत आले आहेत.

4. पाच जूनला मुलं राईत झाडं लावायची म्हणतात. कोणती लावावीत?

राईत कोणतीच लावू नका. कडेला लावा.

सावलीतल्या राईत खड्डे खणले की मुळं तुटतात, आणि बाहेरून आणलेलं रोप तिथल्या अंधारात जगतही नाही. राईला रोपं कमी पडत नाहीत. जमिनीकडे वाकून पाहिलंत तर वीतभर उंचीची शेकडो दिसतील. ती वर्षानुवर्षं तशीच दबा धरून असतात, आणि एखादं मोठं झाड पडून ऊन खाली आलं की झेपावतात. राई उघडी पडली असेल, गुरांनी खाल्ली असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं नुसतं काट्याचं कुंपण घालून बघा. बरंच काम तेवढ्यात होतं.

लावायचीच हौस असेल तर राईभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात, त्याच राईच्या बियांपासून गावात वाढवलेली रोपं लावा. आकेशिया, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया, गुलमोहर फुकट मिळाली तरी नकोत. ‘शोभेसाठी’ अशोक म्हणून जी उंच सरळ झाडं मिळतात तीही नकोत. आपल्या राईतला सीता अशोक वेगळा, ओढ्याकाठी केशरी फुलांनी लगडतो तो.

5. रानमोडी आणि घाणेरी राईत घुसली आहे. तीही देवाची म्हणून ठेवायची का?

नाही, ती काढायची. दोन्ही अमेरिकेतून आलेल्या. कुऱ्हाडबंदीचा नियम झाला तेव्हा त्या इथे नव्हत्या, त्यामुळे संकोच नको. मानकऱ्यांशी बोलून, देवाला गाऱ्हाणं घालून काम सुरू केलं की गावातही कुरबूर होत नाही.

पावसाळ्यात माती ओली असताना, फुलोऱ्याच्या आधी, मुळासकट उपटा. नुसती छाटली तर बुडातून दुप्पट फुटते. सगळी एका वर्षात साफ करू नका, कारण एकदम ऊन आलं की तीच पुन्हा उगवते. बाहेरच्या कडेकडून आत न जाता आतून बाहेर या. आत सावली दाट असेल तर रानमोडी तिथे टिकत नाही, म्हणून खरा उपाय वरचा माथा न उघडणं हाच आहे. तणनाशक ओढ्याजवळ अजिबात नको.

वेलींचं मात्र वेगळं. ‘वेलींनी झाड गुदमरतं’ म्हणून पोरं कोयता घेऊन निघतात आणि मांडीएवढ्या जाडीची गारंबी तोडून येतात. तिची शेंग मीटरभर किंवा त्याहून लांब आणि एकेक बी मुठीत मावेल न मावेल असं. अशी वेल व्हायला माणसाचं आयुष्य जातं. शेकरू, माकडं यांचा रस्ता तीच. गारंबीला हात लावायचा नाही.

6. ग्रामदेवतेचा जीर्णोद्धार ठरला आहे. मुंबई मंडळाने निधी जमवला आहे. राईला धक्का न लावता काम करता येईल का?

येईल, पण नकाशा काढायच्या आधी विचारलंत तर. अलीकडे राया कुऱ्हाडीपेक्षा भक्तीने जास्त कमी झाल्या आहेत, हे कटू असलं तरी सांगायला हवं. चाकरमानी वर्षाचे अकरा महिने सिमेंटमध्ये राहतो, मग गावच्या देवालाही सिमेंटच द्यावंसं वाटतं. सभामंडप, स्वागत कमान, गाडी वळवायला जागा, भक्तनिवास, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. देऊळ देखणं होतं, आणि दहा गुंठे राई गेलेली असते.

देऊळ दुरुस्त करायचं तर जुन्या जोत्यावरच करा, पसारा वाढवू नका. गाडीरस्ता राईच्या कडेला थांबवा. शेवटची शंभर-दीडशे पावलं माणूस चालेल, आणि म्हाताऱ्यांसाठी चिऱ्याची रुंद पायवाट पुरते. सिमेंट-वाळूचा ढीग झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. झाडाभोवती काँक्रीटचा पार बांधणं म्हणजे मुळांचा श्वास बंद करणं, आणि झाड लगेच मरत नाही म्हणून कोणाला कळत नाही. बांधायचाच असेल तर बुंध्यापासून लांब, सुका दगडी रचा.

दिवे हा दुसरा मुद्दा. रात्रभर पेटते हॅलोजन असतील तर वळवाच्या सुमारास काजवे दिसेनासे होतात, कारण त्यांचं जोडीदार शोधणं उजेडाच्या खुणांवर चालतं. जत्रेला लावा, दुसऱ्या दिवशी काढा.

जुने वीरगळ, सतीशिळा उखडून नव्या मंडपात भिंतीला बसवू नका, आणि त्यांना ऑइल पेंट फासू नका. तारेच्या ब्रशने घासूनही काढू नका. त्यांच्यावरच्या राखाडी-हिरव्या चकत्या म्हणजे मळ नव्हे, दगडफूल आहे (प्रश्न 13).

7. देवळावर झुकलेलं जुनं झाड धोकादायक वाटतं. ते तोडावंच लागेल ना?

आधी खात्री करा की धोका झाडाचा आहे, भीतीचा नाही. पोकळ बुंधा म्हणजे मरणारं झाड असं नसतं, पोकळ झाडं शंभर वर्षं उभी राहतात. जमिनीजवळ ताज्या भेगा, एका बाजूची मुळं उचललेली, वाढता कल दिसला तर मात्र दुर्लक्ष करू नका.

बहुतेक वेळा वरचा भार कमी केला की भागतं. देवळावरच्या दोन फांद्या उतरवा. झाड खरंच वठलं असेल तरी बुडापासून न कापता माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं खोड उभं ठेवा, घुबडं आणि पोपट वापरतील. जानेवारी ते जून धनेशाच्या विणीचा काळ असतो. ढोलीखाली विष्ठा आणि फळांच्या बिया साचलेल्या दिसल्या तर काम थांबवा. आत मादी आणि पिल्लं कोंडलेली असतात, त्यांना पळता येत नाही.

परवानगी लागतेच. वृक्षतोडीचा 1964 चा राज्याचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस अशी राईतली नेहमीची झाडं आहेत. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी त्यांची.

8. राईतल्या झऱ्यावर पक्कं कुंड बांधून नळयोजना करावी का?

झऱ्याचं तोंड सिमेंटने बांधू नका, खाली पाणी धरा. पाणी राईतून बाहेर पडतं तिथून चाळीस-पन्नास फूट खाली टाकी बांधली तर गावालाही मिळतं आणि वरचा ओलावाही राहतो. राईच्या कडेला बोअर मारण्यापूर्वी दहादा विचार करा.

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली राई याचं जिवंत उदाहरण. बारमाही ओहोळाच्या चिखलात रानटी जायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत, त्यांची श्वसनमुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर डोकावतात. गोव्यात सत्तरीत बांबर गावच्या निरंकाराच्या राईतही असंच जायफळाचं दलदली रान आहे. पाण्याची वाट फिरवली तर अशा झाडांना दुसरीकडे जायला जागा नाही.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तोडीसाठी आखली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी गाडगीळ-वर्तकांकडे धाव घेतली होती. त्यांच्या लेखी मोलाचा होता तो राईखालचा ओढा. राई वाचली.

9. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या, चुलीला जळण, औषधाला साल, गुरांना चारा: यातलं काय चालतं?

तुमच्या गावची रीत काय सांगते ते आधी पाहा, कारण ती गावागणिक बदलते. काही गावांत सुकं पानही उचलत नाहीत, काही ठिकाणी पडलेलं लाकूड फक्त देवाच्या प्रसादाला किंवा होळीला चालतं. रीत कडक असेल तर ती सैल करू नका.

रीत विसरली गेली असेल तर आमचं मत असं: कवळ राईबाहेरून तोडा. मधमाश्यांचं पोळं काढू नका. औषधाला लागणारी साल ओळखीच्या वैदूने मूठभर घेतली तर झाड भरून निघतं, पण व्यापारी आला की थांबवा. बुंध्याभोवती पूर्ण गोल साल काढली तर झाड मेलंच समजा. गुरांना बंदी असावी, विशेषतः जून ते ऑक्टोबर. आणि डिसेंबरात राईच्या बाहेरच्या अंगाने जाळरेषा (वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी) काढायला विसरू नका. ओलसर राई सहसा पेटत नाही, पण कडेची झाडं वणव्यात होरपळली की राईची कड दरवर्षी चार हात आत सरकते.

10. देवाने कौल दिला तर झाड तोडता येतं, असं आमच्याकडे म्हणतात. मग?

कौल हा गावाचा आणि देवाचा मामला, त्यात बाहेरच्याने बोलू नये. दोनच गोष्टी सांगतो. कौल मिळाला तरी प्रश्न 7 मधली परवानगी सुटत नाही, तलाठी आणि वनरक्षक पाकळीचा कौल मानत नाहीत. आणि देवाला काय विचारलं जातं, याकडे लक्ष द्या. ‘मंडपासाठी झाड काढू का?’ असं विचारलं तर देवाला लावलेली उजवी पाकळी, म्हणजे होकार, पडू शकते. ‘मंडप झाडाला वळसा घालून बांधू का?’ असं विचारलं तरी पडू शकते. दुसरा प्रश्न आधी विचारायला गुरवाला सांगा. काही गावांनी असं केलं, आणि मंडप वळसा घालून झाला.

11. राईची जमीन नेमकी कोणाची? सातबाऱ्यावर काहीतरी भलतंच आहे.

हे बघितल्याशिवाय पुढचं काही करू नका. कुठे जमीन देवाच्या नावे देवस्थान इनाम असते, कुठे गावकऱ्यांच्या सामाईक खात्यात, कुठे वनखात्याकडे, तर कुठे महाराष्ट्र शासनाच्या नावे. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातल्या अनेक देवळांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे, तिथे तिची संमती लागते. काही राया खाजगी नावावर गेल्या आहेत, त्यांच्या बाबतीत फेरफार उतारे मागे मागे जाऊन काढा. वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा सामूहिक हक्काचा दावा करू शकते, आणि त्यात रान राखण्याचा अधिकारही येतो.

12. सरकारकडून ‘वारसा स्थळ’ जाहीर करून घ्यावं का? मग आमचे हक्क जातील, अशी भीती आहे.

जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 37 खाली राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून असा दर्जा देतं. बांबर्ड्याच्या जायफळाच्या रानाला तो 2021 मध्ये मिळाला. यामुळे गावच्या चालीरीती बंद होत नाहीत. गावाने स्वतः ठरवलेली बंधनं तेवढी येतात. फायदा असा की उद्या रस्ता किंवा खाण आली तर हातात कागद असतो.

पण दर्जा हे पहिलं पाऊल नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच, ती बैठकीला बसवा. लोक जैवविविधता नोंदवहीत राईतली झाडं स्थानिक नावांनी लिहून घ्या, आणि हे काम म्हाताऱ्यांना घेऊन करा. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थानातल्या देवबनांची मोजणी आणि संरक्षण करायला सांगितलं, तेव्हाही मूळ अडचण नोंदीचीच होती.

13. परदेशात असं काही आहे का? मुलगी इंग्लंडमध्ये असते, ती तिकडच्या चर्चच्या दफनभूमीचे फोटो पाठवते, अगदी रायांसारख्या दिसतात.

आहे. ब्रिटनमधल्या जुन्या चर्चच्या आवारात शतकानुशतकं नांगर लागलेला नाही, म्हणून बाहेरच्या शेतांतून नाहीशी झालेली रानफुलं तिथे उरली आहेत. प्राचीन यू वृक्ष तर बहुतेक चर्चच्याच आवारांत आहेत, स्कॉटलंडमधला फॉर्टिंगलचा प्रसिद्ध आहे. अशा आवारांत दगडफुलाच्या सातशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. थडग्याच्या दगडावर साल कोरलेलं असल्याने दगडफूल किती वर्षांत किती पसरलं याचा हिशेबही लागतो. ‘केअरिंग फॉर गॉड्स एकर’ ही संस्था याच कामासाठी आहे. तिथलाही मुख्य झगडा नीटनेटकेपणाशीच: दर आठवड्याला गवत कापणारे स्वयंसेवक.

मुलीला मात्र एक सांगा, तिथलं तंत्र इकडे पाठवू नकोस. त्यांचं रान गवताचं आहे. फुलं बी धरून झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं, कारण माती कसदार झाली की दांडगं गवत नाजूक फुलांना दाबतं. आपल्या राईत नेमकं उलट, पडलेलं सगळं जागीच राहू द्यायचं (प्रश्न 3). दगड न घासण्याचा सल्ला दोन्हीकडे सारखा.

14. राईमुळे गावात बिबट्या आणि साप येतात, थोडी विरळ केली तर?

बिबट्या येतो कुत्री, शेळ्या आणि उकिरड्यामागे. दाट ऊस असला तर त्यातही राहतो, त्याला राईच लागते असं नाही. घोणस, नाग उंदरांमागे भाताच्या कणगीपर्यंत येतात. राई विरळ केली की रानमोडी माजते आणि आडोसा उलट वाढतो. रात्री राईच्या वाटेने बॅटरी घेऊन जा, गोठ्याला दार लावा.

15. राईचे व्हिडिओ टाकल्यापासून पर्यटक यायला लागले. थांबवायचं की त्यातून उत्पन्न करायचं?

धनेशाचं घरटं, खवल्या मांजराचं बीळ, दुर्मिळ आमरी (ऑर्किड) यांची नेमकी जागा कुठेही टाकू नका, टाकली असेल तर आज काढा. खवल्या मांजराची शिकार होते आणि शिकारीही व्हिडिओ बघतात. घरट्याखाली कॅमेरे घेऊन दिवसभर बसणारे आले की नर चारा घेऊन जवळ यायला कचरतो, उपाशी राहतात आतली पिल्लं.

बाकी येणाऱ्यांना वाट घालून द्या. गावचा एक माणूस सोबत, चपला बाहेर, एका वेळी थोडेच लोक, ड्रोन आणि स्पीकर बंद. चपला बाहेर ठेवायची रीत आपल्याकडे आहेच, तिने गर्दीही आपोआप पातळ होते. पैसे घ्यायचे तर सोबत जाणाऱ्या माणसाची मजुरी म्हणून घ्या आणि पावती द्या. पार्किंग मात्र कितीही मागणी आली तरी राईत नको. गावाच्या वेशीवर शाळेचं पटांगण असतंच, सुट्टीच्या दिवशी ते रिकामंच असतं.